मंगली काय म्हणाली

"हात वर कर," निनाद सर म्हणाले.

मी हात वर केले.

त्यांनी माझ्या काखेत रूम फ्रेशनर मारला. मोगऱ्याचा. वरच्या मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटमधून खास मागवला होता. काखेत मारला, मानेवर मारला. "वळ," म्हणाले. मी वळले. शर्टाच्या पाठीवर मारला. मग बुटांवर. डोळे मीट असं सांगितलं नाही, म्हणून थोडा डोळ्यात गेला.

"सकाळी खत टाकलंस?"

"हो सर. लॉनला. तुम्हीच सांगितलेलं."

"मॅडमच्या गाडीत बसायचंय तुला आज. त्यांनी काय नाकाला रुमाल लावून बसायचं?"

अंधेरी पूर्वेला काचेच्या ऑफिसांचं एक मोठं आवार आहे, त्याच्या बेसमेंटमध्ये हे चाललं होतं. पंपरूमच्या शेजारी आम्हा माळ्यांची कपडे बदलायची जागा. सगळे उभे होते. वॉचमन होता. तावडे काका पाइप गुंडाळत होते, ते गुंडाळतच राहिले. कोणीतरी हसलं. मग मीही हसले. हसले म्हणजे तोंड तसं झालं. अपमान झाला की माझं तोंड आपोआप हसायचं. लहानपणापासूनची सवय.

सरांच्या मागच्या भिंतीवर माझाच फोटो होता. हातात जास्वंदीचं रोप. खाली मोठ्या अक्षरात: आमच्या कामात गुलामगिरीला थारा नाही.

मी मानखुर्दची. माझी आई कचऱ्याच्या डोंगरावर भंगार वेचायची. परभणीकडून आली होती, शिक्षण नाही, अंगात ताकद तेवढी होती. मी पालिकेच्या शाळेत जायचे. मी वर्गात शिरले की आमच्या बाई खिडक्या उघडायच्या. काही बोलायच्या नाहीत. फक्त उठायच्या आणि एकेक खिडकी उघडत जायच्या. सगळ्या पोरांना कळायचं कशासाठी. मी सकाळी आंघोळ करायचे, शाळेतून आल्यावर करायचे, साबणानं हाताची सालं निघेपर्यंत घासायचे. आई ओरडायची, पाणी काय तुझ्या बापानं भरून ठिवलंय? बाईंनी शेवटपर्यंत खिडक्या उघडल्या.

तरी बारावी झाले. आमच्या विहाराच्या हॉलमध्ये इंग्लिशचा क्लास चालायचा, तिथे गेले. बोलायला अडखळते, पण कळतं सगळं. मग ही बागेची नोकरी लागली. आमची कंपनी मोठ्या ऑफिसांच्या, टॉवरच्या बागा सांभाळते. झाडं लावायची, कापायची, पाणी घालायचं. एखादं मेलं तर गुपचूप काढून तिथे दुसरं लावायचं. साहेब लोकांना मेलेलं झाड दिसता कामा नये.

त्या आवारातल्या एका परदेशी कंपनीचा नियम होता. आमचं काम जो करतो त्यानं, आणि त्याला जो माल पुरवतो त्यानंही, कुणा माणसाला जबरदस्तीनं राबवायचं नाही. अडकवून ठेवायचं नाही. त्याची कागदपत्रं दाबून ठेवायची नाहीत. नियम चांगला होता. आजही म्हणते, नियम चांगलाच होता.

त्या नियमासाठी कामगारांचा एक प्रतिनिधी लागत होता. निनाद सर आमच्या कंपनीचे एचआर. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

"तुमच्यातली एक पाहिजे," म्हणाले. "लेडीज पाहिजे, शिकलेली पाहिजे. तू असलीस की सगळे विषय एकदम सुटतात."

तुमच्यातली म्हणजे कुठली, ते मला कळलं. त्यांना माहीत होतं की मला कळलं. मी 'हो सर' म्हटलं. घरी जाऊन आईला सांगितलं, मला प्रतिनिधी केलंय. आईनं शेजारणीला सांगितलं.

प्रतिनिधी म्हणून मी काय केलं? फोटो काढून घेतला. फोटोसाठी हातमोजे दिले, नवे, जाड. फोटो झाल्यावर काढून घेतले. आमची सगळ्यांची आधार कार्डं सरांच्या कपाटात होती. भरती होताना घेतलेली, तपासायला म्हणून. परत मागितली की म्हणायचे, का, पळून जायचंय का? दुसरीकडे काम बघणाऱ्याला कार्ड मिळायचंच नाही, आणि कार्डाशिवाय दुसरीकडे गेटच्या आत कोण घेतो? हे सगळं त्या पोस्टरवर लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, इंग्लिशमध्ये. माझ्याच हनुवटीखाली.

तर त्या दिवशी परदेशी कंपनीची मॅडम आमच्या नर्सरीची तपासणी करायला येणार होती. नर्सरी म्हणजे जिथून आमची रोपं, लॉनचे गालिचे, कुंड्या यायच्या ती जागा. चारकोपच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला. नियमाप्रमाणे प्रतिनिधीनं बरोबर जायचं. म्हणून मोगरा.

मॅडमला सगळे केट मॅडम म्हणायचे. माझ्याच वयाची असेल. केस कापलेले, गळ्यात कार्ड, हातात टॅब. निनाद सरांशी फाडफाड इंग्लिश बोलायची. आमच्याशी हिंदी, तेही अडखळत. गाडीत मागच्या सीटवर निनाद सरांनी आधी पेपर अंथरला, मग मला म्हणाले, बस. मॅडम पुढे बसली. एसी चालू होता, तरी गाडी हायवेला लागेपर्यंत तिनं काच खाली घेतली होती.

"आप कम्फर्टेबल है ना?" तिनं मागे न बघता विचारलं.

"हो मॅडम," मी म्हटलं. पेपर माझ्या खाली चुरचुरत होता.

चारकोपच्या सेक्टरमधल्या बिल्डिंगी संपल्या की एक कच्चा रस्ता आत जातो. रस्त्याच्या तोंडाशी नर्सरीचं दुकान. लोक तिथे तुळस घेतात, मनी प्लँट घेतात. मागे उंच पत्रे. पत्र्याला गेट. गेटला कुलूप. बाहेरून. रखवालदारानं कुलूप काढलं, तेव्हा मी निनाद सरांकडे बघितलं. ते मोबाइल बघत होते.

आत हिरव्या जाळीखाली रोपांच्या रांगा. चार-पाच कुटुंबं काम करत होती. कातकरी. बाया खाली बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या. पुरुष लॉनच्या वळकट्या डोक्यावर वाहत होते. कोपऱ्यात त्यांची खोपटी, जुन्या बॅनरची. कुणी वर बघत नव्हतं. शेठ आला, खुर्च्या आल्या, शहाळी आली. मॅडमला एक, सरांना एक, शेठला एक. मी उभी होते. मला तहान लागली होती, मी रोपांच्या पाइपनं पाणी प्यायले.

शेठनंच एका बाईला हाक मारली. "मंगली, इकडं ये. मॅडम काय विचारतात ते सांग."

मंगली आली. वाळलेली बाई. नखांत माती, माझ्यासारखीच. ती मॅडमच्या पुढ्यात खाली बसायला लागली. मॅडम म्हणाली, "नो, नो, प्लीज," आणि पुन्हा टॅबकडे बघितलं. मंगली अर्धवट वाकून तशीच उभी राहिली.

मॅडमनं इंग्लिशमध्ये विचारलं, इथून निघून जायची हिला मोकळीक आहे का?

निनाद सरांनी मराठीत विचारलं, "इथे बरं आहे ना? कुठे जायचंय का तुम्हाला?"

मंगलीनं शेठकडे बघितलं. मग खाली बघितलं. मग बोलायला लागली, आणि लागली ती थांबलीच नाही.

"जायचाय ना. माझी पोर आश्रमशाळंत हाय, ती तापानं पडलीय. निरोप आला. मला बघाया जायचाय. शेठ सोडत नाय. उचल फिटल्याबिगर गेट उघडायचा नाय सांगतो. माझा नवरा, लहानू, तो गेलता. त्याला जीपमंदी घालून आणला. झाडाला बांधला. आमाला समद्यांना बघाया लावला."

उचल म्हणजे पावसाळ्यात पोटासाठी घेतलेले आगाऊ पैसे. ते राबून फेडायचे. फिटले की नाही, ते देणारा ठरवणार.

निनाद सरांनी शहाळ्याचा एक घोट घेतला. मॅडमकडे वळले. मला त्यांचं इंग्लिश शब्दन् शब्द आठवतंय.

"शी सेज शी लाइक्स इट हिअर. हर डॉटर इज इन स्कूल. हजबंड ऑल्सो वर्क्स हिअर. होल फॅमिली इज टुगेदर."

तिला इथे आवडतं. मुलगी शाळेत आहे. नवराही इथेच काम करतो. सगळं कुटुंब एकत्र.

मॅडमनं टॅबवर टिकटिक केलं. "दॅट्स गुड," म्हणाली.

माझ्या कानात पंप चालू झाल्यासारखा आवाज यायला लागला. माणूस खोटं बोलतो हे मला माहीत होतं. पण एका बाईचं रडणं तोंडात घेऊन, चावून, त्याचं हे असं करून बाहेर काढायचं, शहाळं पिता पिता, हे मी पहिल्यांदा बघितलं.

मंगलीला इंग्लिश येत नव्हतं. पण मॅडमचा चेहरा तिला वाचता येत होता. लेक आजारी आहे असं ऐकल्यावर माणसाचा चेहरा असा राहत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. तिथे तिच्यासारखी मी एकटीच होते.

"बाय, तू सांग ना गं यांना," ती म्हणाली.

निनाद सरांनी माझ्या बुटावर बूट ठेवला. दाबला.

मी मनात वाक्य जुळवत होते. मला वाटत होतं, बिचाऱ्या मॅडमला मराठी येत नाही, म्हणून हे सगळं होतंय. एकदा तिला कळलं की संपलं. मी जुळवलं आणि बोलले, "मॅडम, शी इज नॉट सेइंग धिस. शी इज सेइंग, नॉट अलाउड."

निनाद सर हसले. म्हणाले, ही आमची प्रतिनिधी, जरा जास्तच उत्साही आहे.

मॅडमनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फॉर्मॅटप्रमाणे जाऊ या, असं काहीतरी इंग्लिशमध्ये म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला. पुढचा, मग त्याच्या पुढचा. मंगली आता एकाच शब्दात उत्तरं देत होती. नाय. नाय. हाय. निनाद सर त्या एका शब्दाची लांबलचक वाक्यं करत होते.

मग फोटो. मंगलीला आणि मला शेजारी उभं केलं, मध्ये झेंडूचं रोप. तिचं अंग उन्हानं तापलेलं होतं. माझ्या दंडाला लागत होतं.

फोटो झाल्यावर सर आणि शेठ खोपटीच्या मागे बोलत उभे राहिले. मी पाणी मारायच्या हौदापाशी गेले. तोंड धुवायचं होतं. हौदाच्या पलीकडे जाळीआड मॅडम फोनवर होती.

"हो गं आई, आहे लक्षात," ती म्हणत होती. "नाही, चारकोपला आलेय, एका नर्सरीत. ऊन काय मरणाचं आहे इथे. तू जेवून घे, थांबू नकोस माझ्यासाठी. आणि बाबांना सांग, ती गोळी जेवणानंतरची आहे, आधीची नाही."

माझे हात पाण्यात होते. तसेच राहिले.

असलं मराठी माझ्या शाळेच्या बाईंचं होतं. स्वच्छ. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

तिनं फोन ठेवला आणि वळली, तर समोर मी.

"कुछ चाहिए आपको?" ती म्हणाली.

"तुम्हाला मराठी येतं," मी म्हटलं.

तिनं फोन पर्समध्ये टाकला. मग खांदे उडवले. "मुलुंडची आहे मी," म्हणाली. आता मराठीत.

"मग मंगली काय म्हणाली ते तुम्हाला कळलं."

"हे बघ, माझ्याकडे जे इंग्लिशमध्ये येतं तेच मी लिहिते. ट्रान्सलेशनची जबाबदारी तुमच्या कंपनीची आहे. मी मध्ये बोलले तर उद्या माझ्यावरच येईल."

"तिची पोरगी आजारी आहे, मॅडम. नवऱ्याला झाडाला बांधलं."

"तू हुशार आहेस. उगाच स्वतःचं नुकसान करून घेऊ नकोस." आवाज खाली आणला तिनं, मोठ्या बहिणीसारखा. "आणि खरं सांगू का, ह्या लोकांना आज सोडवलं तरी उद्या ते दुसरीकडे जाऊन उचल घेणारच आहेत."

उचल.

निनाद सरांनी हा शब्द इंग्लिशमध्ये आणलाच नव्हता. तो मंगलीच्या तोंडचा शब्द होता. म्हणजे ती ऐकत होती. पहिल्यापासून. टॅबवर बोट फिरवत, दॅट्स गुड म्हणत, ती प्रत्येक अक्षर ऐकत होती. ताप, जीप, झाड. आणि शहाळ्याची स्ट्रॉ तोंडात होती.

इतकी वर्षं मला वाटायचं, यांना माहीत नसतं. खिडक्या उघडणाऱ्या बाईंना माहीत नसेल, मला किती लागतं. कुणीतरी सांगायला पाहिजे, नीट, त्यांच्या भाषेत. म्हणून तर मी इंग्लिश शिकले. त्या हौदापाशी ते सगळं गळून पडलं. यांना सगळं माहीत असतं. माहीत असूनच चालतं हे. आपण सांगून सांगून जन्म घालवायचा, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचा पगार यांनी घ्यायचा.

मी हात पुसले. गेटकडे चालायला लागले. सगळे निघालेच होते. निनाद सर बाहेर पडले, मॅडम बाहेर पडली, मी बाहेर पडले. रखवालदार गेट ओढायला लागला. मी गेटच्या फटीत पाय घातला आणि आत तोंड करून ओरडले.

"मंगली! ये! बाहेर ये!"

माझा एवढा मोठा आवाज मला माहीत नव्हता. पुढे दुकानात कुंड्या बघणारं एक जोडपं मागे वळलं. मंगलीनं हातातली पिशवी खाली ठेवली. उठली. चालायला लागली.

"मॅडम, बघा," मी म्हटलं. "इंग्लिश नको, मराठी नको. ती बाहेर येतेय. तिला येऊ देतात का ते नुसतं डोळ्यांनी बघा. याला ट्रान्सलेशन लागत नाही."

मॅडमचा हात गाडीच्या दारावर होता. तिनं बघितलं. नाही असं ती म्हणू शकणार नाही, तिनं बघितलं. मंगली गेटपर्यंत आली. रखवालदारानं काठी आडवी धरली. ती काठीखालून वाकली. शेठ मागून आला, तिच्या दंडाला धरून फिरवलं आणि तोंडात मारली. एकच. आवाज झाला.

मॅडम गाडीत बसली. दार लावलं. काच वर गेली.

कुंड्या बघणाऱ्या बाईनं "काय झालं हो?" असं विचारलं. तिच्या नवऱ्यानं तिला ओढत नेलं.

निनाद सर माझ्याजवळ आले. आवाज एकदम गोड. "बस गाडीत. वेडेपणा करू नकोस. तू त्यांच्यातली नाहीस. तू शिकलेली आहेस. तुला सुपरवायझर करायचं चाललंय, माहितीये ना?"

आधी मी तुमच्यातली होते. आता त्यांच्यातली नव्हते. मी कुठली, हे दर वेळी सर ठरवणार. मंगलीच्या एक पायरी वर मला उभं करायचं, आणि त्या पायरीवरून मी तिच्या डोक्यावर उभं राहायचं.

"नाही बसत," मी म्हटलं.

"मग चालत ये."

गाडी गेली. रखवालदारानं माझा पाय काठीनं बाहेर ढकलला आणि कुलूप लावलं. पत्र्याच्या आतून मंगली ओरडत होती. तिच्या लेकीचं नाव, आश्रमशाळेच्या गावाचं नाव. पुन्हा पुन्हा. मी ते पाठ केलं. मग चालत निघाले.

संध्याकाळी घरी आईला सगळं सांगितलं. तिचे गुडघे गेलेत, ती आता घरीच असते. भाजी निवडत ऐकत होती.

"मग तू काय केलंस?"

"आले निघून. कुलूप लावलं त्यांनी."

"तिला तिथंच ठिवून?"

मी भाजीची जुडी पुढ्यात ओढली.

"भिताडावर फोटो काढायला उभी ऱ्हातीस," आई म्हणाली. "मग आता तिथं उभी ऱ्हा. मला काय सांगायलीस?"

तिनं निवडलेली भाजी उचलली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती सरळ सरांच्या केबिनमध्ये. दार उघडं ठेवलं, मुद्दाम. "माझं आधार कार्ड द्या."

"बस, बोलू आपण," सर म्हणाले. पहिल्यांदा बस म्हणाले.

"बसायचं नाही. कार्ड द्या."

"तुझा राजीनामा समजू का?"

"काय समजायचं ते समजा. माझं कार्ड माझं आहे."

माझ्या मागे पावलं वाजली. तावडे काका होते. काका मालवणचे, वडील गिरणीत होते त्यांचे, गिरणी गेली आणि हे माळी झाले. घाबरट माणूस. सकाळीच मला म्हणाले होते, "गो बाय, गप रव, तुका काय करूचा हा?" तेच काका दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझा पण दी."

मग बाकीचे आले. सगळे नाही. पण केबिनचं दार भरलं. सरांनी कपाट उघडलं. मी कार्ड घेतलं, बेसमेंटच्या भिंतीवरचा माझा फोटो फाडला आणि बाहेर पडले.

आमच्या विहारातल्या बाया आणि एका संघटनेचा कार्यकर्ता, असे आम्ही सरकारी कचेरीत गेलो. टेबलामागचा माणूस म्हणाला, वेठबिगार तर गावाकडे असतात ना? मी म्हटलं, साहेब, चारकोपला या, रिक्षानं जाता येतं. साहेबांनी कागद ओढला. सगळं लिहून घेतलं. मी म्हटलं, आता मला वाचून दाखवा. त्यांनी वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'मारहाण झाल्याचे समजते' होतं. मी म्हटलं, समजते नाही, मी बघितलं. त्यांनी बदललं.

तोवर आई गेली आश्रमशाळेच्या गावी. एसटीनं, दुखरे गुडघे घेऊन. मंगलीची पोर तालुक्याच्या दवाखान्यात होती. आई तिच्याजवळ जाऊन बसली. कोण विचारलं तर सांगायची, मावशी.

कचेरीचं पथक नर्सरीवर गेलं तेव्हा मी बरोबर होते. कुलूप काढलं. बाया होत्या, पोरं होती, म्हातारे होते. तरणा पुरुष एकही नव्हता. कुठून तरी कळलं होतं शेठला, त्यानं आदल्या दिवशीच त्यांना टेम्पोत भरून हलवलं होतं. नंतर बाकीचे सापडले, इथून तिथून. लहानू सापडला नाही. अजून नाही.

मंगलीची पोर वाचली. एक कान गेला तापात. माझी आई मंगलीला पोरीकडे घेऊन गेली तेव्हा पोर विचारत होती, बाबा कुठाय? हे मला आईनं सांगितलं.

आमच्या कंपनीनं सांगितलं, आम्हाला काही कल्पना नव्हती, त्या नर्सरीशी संबंध तोडले. रोपं आता दुसऱ्या नर्सरीतून येतात. ती शेठच्या मेहुण्याची. टेम्पो तोच, फक्त नाव रंगवून घेतलंय. बेसमेंटच्या भिंतीवर नवं पोस्टर लागलंय, दुसऱ्या मुलीचं. काकांची बदली लांबच्या साइटवर केली. मला मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत एकही बागवाली कंपनी दारात उभं करत नाही. घाटकोपरला काही घरांच्या बाल्कनीतल्या कुंड्या बघते, त्यावर चाललंय.

केस उभी आहे. शेठच्या वकिलानं मॅडमचा रिपोर्ट पुढे केला. त्यात लिहिलंय की मंगलीला तिथे आवडत होतं. मॅडमला साक्षीला बोलवा, असा अर्ज आम्ही दिलाय. तिनं यावं. मुलुंड काही लांब नाही.

परवा निनाद सरांचा फोन आला. मुलुंडच्या मोठ्या टॉवरची बाग, सुपरवायझर, उद्यापासून ये. फक्त कोर्टात एवढंच म्हण की गडबडीत नीट दिसलं नाही. मी विचारलं, लहानू कुठे आहे? ते म्हणाले, मला काय माहीत. मी म्हटलं, ते कळलं की फोन करा, त्याआधी करू नका.

मी सरांना, मॅडमला माफ करणार नाही. समजून घेणार नाही. त्यांच्या पोटापाण्याचं बघणार नाही. माझं मन मोठं नाही, आणि ते मोठं करायची मला इच्छा नाही.

मंगली आता मानखुर्दला आमच्याकडेच राहते. रविवारी आम्ही निघतो. खाडीच्या कडेनं, वसईकडे, भिवंडीकडे, जिथे जिथे हिरवी जाळी दिसेल तिथे. आमच्या वस्तीतल्या बाया येतात, मंगलीच्या नात्यातली माणसं येतात. गेटसमोर उभं राहायचं आणि लहानूच्या नावानं हाक मारायची. गेल्या रविवारी एका पत्र्यामागून दुसऱ्याच कुणीतरी ओ दिली. त्याचं नाव विचारून घेतलं आम्ही, गावाचं नाव घेतलं. या रविवारी आधी त्या गेटवर जायचंय. उघडलं नाही तर तिथेच बसायचं. भाकऱ्या बांधून न्यायच्या.